विश्लेषण : टॉवर पडल्यावरचा संवाद, हॅम मंडळींचा ‘फील्ड डे’ आपल्याकडे का हवा?

दरवर्षी जूनच्या चौथ्या पूर्ण शनिवार-रविवारी अमेरिका आणि कॅनडातील हौशी रेडिओचालक, म्हणजेच ‘हॅम’, घरातील यंत्रणा सोडून मैदानात, बागेत किंवा डोंगरावर जातात. याला ‘फील्ड डे’ म्हणतात. वरवर सहलीसारखा दिसणारा हा उपक्रम प्रत्यक्षात आपत्तीची रंगीत तालीम आहे.

नेमके काय करतात?

‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ ही संस्था १९३३ पासून फील्ड डे भरवते. क्लबचे सदस्य तात्पुरता अँटेना उभारतात आणि बॅटरी, सौर पॅनेल किंवा जनरेटरवर साधारण २४ तास जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधतात. आवाजी संपर्काला एक गुण, तर मोर्स किंवा डिजिटल संपर्काला दोन. सार्वजनिक जागी केंद्र थाटल्यास किंवा लोकप्रतिनिधीने भेट दिल्यास जादा गुण मिळतात. परवाना नसलेल्या नवख्यांना बोलू देणारे वेगळे केंद्रही लावता येते. थोडक्यात, हॅमने लोकांत मिसळावे, ही सोय नियमांतच आहे.

मोबाइलच्या काळात याची गरज काय?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्यानंतर कोकणातील अनेक गावांत कित्येक दिवस ना वीज होती, ना मोबाइलची रेंज. टॉवरला वीज लागते आणि त्याची बॅटरी काही तासांत संपते. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय वापरता येत नाही. हॅम रेडिओला मात्र मधल्या टॉवरची गरज नसते. बारा व्होल्टची बॅटरी, एक छोटा संच आणि झाडांना बांधलेली सुमारे २० मीटर लांबीची तार एवढ्या साहित्यावर ७ मेगाहर्ट्झ पट्ट्यात दिवसा काहीशे किलोमीटरपर्यंत बोलता येते. तार फार उंच नसेल, तर लहरी जवळपास सरळ वर जाऊन परततात, त्यामुळे घाटाचा अडसरही फारसा राहत नाही.

भारतातील अनुभव काय सांगतो?

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओसाठी अंदमानात गेले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि हौसेसाठी नेलेले संच निरोप पोहोचवण्याच्या कामी आले. पण ते त्या वेळी तिथे होते, हा योगायोग होता. आपत्ती व्यवस्थापन योगायोगावर चालत नाही.

मग अडचण कुठे?

आपल्याकडे वयाच्या बाराव्या वर्षानंतर परीक्षा देऊन केंद्रीय दूरसंचार विभागाचा परवाना मिळवता येतो. मात्र परवाना बोलण्याचा हक्क देतो, सवय लावत नाही. भर पावसात, अंधारात, खरखरीतून औषधाचे नाव अक्षर अक्षर सांगणे हे सरावानेच जमते. सराव नसलेला उत्साही चालक ऐन वेळी मदतीपेक्षा गर्दीच वाढवतो.

काय करायला हवे?

अमेरिकेची नक्कल नको. जूनमध्ये आपल्याकडे पाऊस सुरू झालेला असतो, म्हणून आपला शनिवार-रविवार मे महिन्यात असावा. क्लबने एक केंद्र जिल्हाधिकारी कार्यालयात, बाकीची दुर्गम गावांतील शाळांच्या मैदानात लावावीत. गुण संपर्कांच्या संख्येला नकोत, कारण नुसती ओळख सांगून संपणाऱ्या संपर्काने आपत्तीत काही साधत नाही. जखमींची संख्या, हवी असलेली औषधे, बंद पडलेला रस्ता असे पंचवीस लटके निरोप पाठवावेत आणि किती शब्दशः पोहोचले ते मोजावे.

प्रशासनाला यासाठी मोठी तरतूद करावी लागणार नाही. परवानाधारकांची यादी, एक खोली आणि निरोप लिहून देणारा एक कर्मचारी पुरेल. कोणता निरोप चुकला आणि का, हे मे महिन्यात कळले तर दुरुस्त करता येते. जुलैच्या पुरात कळले, तर त्याची किंमत गाव मोजते.