सायकलीची मात्रा

मूल म्हणजे लहान मापाचा प्रौढ नव्हे, हे बालरोगशास्त्रातील आद्य सूत्र. औषधाची मात्रा आम्ही वजनावरून ठरवतो. दोन मात्रांमधील अंतर ठरवताना मूत्रपिंडे किती परिपक्व झाली आहेत ते पाहतो. नवजात अर्भकाला जेंटामायसिन देताना हे अंतर २४ वरून ४८ तासांपर्यंतही न्यावे लागते. तेथे अंतर चुकणे हे मात्रा चुकण्याइतकेच घातक असते.

हाच विवेक आपण सायकलवर बसताना दवाखान्यात ठेवून येतो, असे माझे मत आहे. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, याचा सर्व वैद्यकवर्गाला सार्थ अभिमान आहे. परंतु त्यापासून आपण घेतला तो केवळ किलोमीटरचा हिशेब. पन्नाशीचा स्पर्धक म्हणजे केस पिकलेला पंचविशीतला तरुण, असे मानून सराव आखला जातो. वास्तविक या वयात कष्ट सोसण्याची ताकद बऱ्यापैकी टिकते. मंदावते ती झीज भरून येण्याची गती. म्हणून बदलायचे आहे ते मुख्यत्वे अंतर.

बेळगावकडे पावसाळा संपला की जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ल्याचा रस्ता खुणावू लागतो आणि प्रत्येक रविवार ही एक स्पर्धाच होऊन बसते. परिणामी सगळाच सराव मध्यम कष्टाचा होतो: थकवा येण्याइतका जड, पण वेग वाढण्याच्या दृष्टीने हलका. क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांना अव्वल दमदार खेळाडूंच्या सरावात सुमारे ८० टक्के सत्रे हलकी आढळली. आठवड्याला सहा-सात तासच मिळणाऱ्या हौशी माणसाने हे प्रमाण मंत्रासारखे जपण्याचे कारण नाही; परंतु हलके ते खरोखर हलके असावे, हे तत्त्व त्यालाही लागू पडते. हलके ओळखायचे कसे? सुश्रुताने व्यायामाची मर्यादा ‘बलार्ध’ सांगितली आणि श्वास तोंडावाटे येऊ लागणे हे तिचे लक्षण दिले. आजची ‘बोलता येते का’ ही कसोटी याहून फारशी निराळी नाही.

येत्या हंगामासाठी मी आखणी अशी केली आहे. आठवड्यातून एकच दिवस चढावर चार-चार मिनिटांची चार कठीण आवर्तने. रविवारी लांब, पण गप्पा मारता येतील अशी फेरी. दोन दिवस वजने उचलण्याचा व्यायाम. हा शेवटचा भाग चैनीचा नव्हे. सायकलवर शरीराचा भार खोगिरावर असतो, त्यामुळे हाडांना मजबुतीसाठी लागणारा ताण मिळत नाही, आणि या वयात स्नायूही घटत असतात. दर चौथा आठवडा निम्म्या भाराचा.

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम: रात्री अतिदक्षता विभागातून बोलावणे आले, तर ती रात्र सरावाच्याच खात्यात मांडायची. दुसऱ्या दिवशी कठीण सत्र नाही, आणि पहाटे महामार्गावर तर सायकल मुळीच नाही. जागरण झालेल्या सायकलस्वाराचा प्रतिसाद मंदावलेला असतो. मागून येणाऱ्या ट्रकला ते ठाऊक नसते.

यावर कोणी म्हणेल, एवढा हिशेब केला तर सायकलीचा आनंद उरला कोठे? माझे उत्तर असे की, साठीतही स्पर्धेच्या आरंभरेषेवर उभे राहता येणे हाच मोठा आनंद आहे. त्यासाठी चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक सदस्याने हंगामापूर्वी रक्तदाब, रक्तशर्करा आणि हृदय यांची तपासणी करून घ्यावी; तीही स्वतः स्वतःची नव्हे, दुसऱ्या वैद्याकडून. छातीत दुखणे, घेरी, अनियमित धडधड यांना ‘दमलो असेन’ असे नाव देऊ नये. रुग्णाला जे आपण कधीही चालवून घेऊ देत नाही, ते स्वतःला चालवून घेण्याची सवलत पदवीबरोबर मिळत नाही.