त्वचेवरच्या जुन्या खुणा : केव्हापासून आहेत?

यवतमाळच्या काळ्या रानात जन्मभर कपाशी वेचलेल्या हातापायांवर ओरखड्यांच्या खुणा नसतील तरच नवल. त्यामुळे आजीच्या नडगीवरील व्रणांकडे घरात कोणी लक्ष देत नाही. आपण ते एकदा उजेडात नीट पाहावेत. किरकोळ जखमांनंतरही पातळ कागदासारखे, पसरट, सुरकुतलेले व्रण गुडघ्यांवर वा कपाळावर पुन्हा पुन्हा उमटले असतील, आणि त्वचा लहानपणापासूनच रबरासारखी ताणून लगेच पूर्ववत होत असेल, तर एहलर्स-डॅनलॉस या आनुवंशिक विकाराची शंका घ्यावी. शरीराला बांधून ठेवणारे कोलॅजेन त्यात जन्मतःच सदोष असते.

उतारवयात त्वचा सर्वांचीच सैल होते. हातांवर जांभळे डाग स्टेरॉइडने वा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनीही पडतात, आणि बहुधा कारण तेच निघते. (त्या गोळ्या आपल्या मनाने मात्र बंद करू नयेत.) म्हणूनच 'केव्हापासून?' हा प्रश्न महत्त्वाचा. सांधेही वयाबरोबर आखडतात. तेव्हा आठवून सांगावे लागते. तरुणपणी गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकत होते का? खांदा किंवा गुडघ्याची वाटी वारंवार निखळत असे का?

मानेवर पिवळसर बारीक पुटकुळ्या, पिसे उपटलेल्या कोंबडीच्या कातडीसारख्या दिसतात? उन्हात राबलेली मानही जाड, पिवळट होते. पण ऊन न पोहोचणाऱ्या काखेत, जांघेतही त्या असतील, तर स्यूडोझँथोमा इलॅस्टिकम असू शकतो. त्यात दृष्टिपटलामागे रक्तस्राव होऊन नजर जाऊ शकते. डोळ्यांची तपासणी लांबवू नये. सदोष जनुक आई-वडील दोघांकडून आल्यावर हा विकार होतो, म्हणून नात्यातले विवाहही डॉक्टरांना सांगावेत.

सर्वांत जपावे लागते ते एहलर्स-डॅनलॉसच्या रक्तवाहिन्यांच्या प्रकाराला. छातीवर शिरांचे जाळे दिसावे इतकी पातळ त्वचा, आणि घरात कोणी ऐन उमेदीत रक्तवाहिनी वा आतडे फुटून गेलेले. हा प्रकार अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. असे मृत्यू घराण्यात 'अचानक गेला' एवढ्याच शब्दांत उरतात. त्यांचा तपशील आजी-आजोबांनाच ठाऊक असतो. तो लिहून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोग विभागात न्यावा. जनुकीय तपासणीची सोय मुंबईच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयांत असते.

निदान झाले असल्यास दात काढण्यापूर्वी वा शस्त्रक्रियेआधी ते अवश्य सांगावे. अशा त्वचेत टाके सहज निसटतात आणि नेहमीपेक्षा अधिक दिवस ठेवावे लागतात.