‘बौद्ध’ या शब्दाचा पाय कोण मोडतो?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक मावशी येतात. चाळिशी ओलांडल्यावर त्यांना अक्षरओळख झाली. आता मोबाईलवर एकेक अक्षर लावून सूचना, बातम्या वाचतात. परवा एका पानावर त्या अडकल्या. पाहिले, तर ओळीच्या शेवटी ‘नवबौद्’ आणि खालच्या ओळीत एकटा ‘ध’. मध्ये जोडणारी रेघही नाही. मला शब्द पाठ होता म्हणून वाचता आला. मावशींना मात्र वाटले, आपलेच वाचन कच्चे आहे.

चूक व्यवस्थेची आणि लाज आपली, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. म्हणून ही चूक येते कुठून ते समजून घेऊ.

ब्राउझर ओळ तोडतो ती दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेत. इंग्रजीत ‘साठी’, ‘मध्ये’ हे वेगळे शब्द असतात. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘धम्मचक्रप्रवर्तनदिनानिमित्त’ हा एकच शब्द. मोबाईलच्या अरुंद रकान्यात तो मावत नाही. मग वेबची मानके, म्हणजे सीएसएसचे नियम, तीन वाटा देतात : शब्द रकान्याबाहेर जाऊ द्या, वाटेल तिथे तोडा, किंवा भाषेच्या नियमाने योग्य जागी तोडून संयोगचिन्ह द्या. तिसऱ्या वाटेचे नाव ‘हायफन्स : ऑटो’. पण त्यासाठी पानाने आपली भाषा सांगावी लागते आणि ब्राउझरकडे त्या भाषेचे शब्दतोडीचे नियम असावे लागतात. अनेकदा पानाच्या तयार साच्यात भाषा ‘इंग्रजी’ लिहिलेली असते आणि मराठी मजकूर भरला तरी ती तशीच राहते. मग कोणीतरी ‘वर्ड-ब्रेक : ब्रेक-ऑल’ टाकून मोकळा होतो. रकाना सरळ दिसतो, शब्दाचे तुकडे होतात.

दुसरा प्रश्न, संगणक अक्षर कशाला मानतो? देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून आहे. पण ‘द्ध’, ‘म्म’ अशी जोडाक्षरे एकसंध धरावीत, हा नियम युनिकोडच्या मूळ नियमावलीत आला 2023 साली, 15.1 या आवृत्तीत. तोवर ‘म्’ वेगळा आणि ‘म’ वेगळा. म्हणजे ‘धम्म’ हा शब्द ‘धम्’ आणि ‘म’ असा तुटला, तरी नियमात बसत होता. जुन्या फोनपर्यंत नवा नियम आजही पोहोचलेला नसतो. आणि जुना फोन कोणाच्या हातात असतो, हे सांगायला नको.

कोणी म्हणेल, अत्याचार होत आहेत, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत आणि तुम्ही संयोगचिन्हावर लेख लिहिता? प्रश्न रास्त आहे. पण शिष्यवृत्तीचा अर्ज, जातपडताळणीची सूचना, तक्रारीचा नमुना हे सगळे आता पडद्यावरच वाचावे लागते. ज्याच्या घरात चार पिढ्या वाचन आहे, तो तुटलेला शब्दही सहज जोडून घेतो. पहिल्या पिढीचा वाचक तिथेच थांबतो. सगळ्यांना सारखाच लागू असलेला नियम सगळ्यांना सारखाच जाचत नाही, हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

यात कोणाचा जातीय कट आहे, असे मी म्हणत नाही. तसा आरोप करणे सोपे आहे आणि चूक आहे. मुद्दा गैरहजेरीचा आहे. बाबासाहेबांनी 1919 साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी स्वतःच्या प्रतिनिधित्वाची मागणी केली. 1920 साली ‘मूकनायक’ काढला. पुढे स्वतःचा छापखानाही उभारला. आपले म्हणणे दुसऱ्याच्या खिळ्यांवर अवलंबून राहू नये, एवढे त्यांना नेमके कळत होते. आज ते खिळे म्हणजे ही मानके. ती ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेत देवनागरीला वेबवर काय कमी पडते, याचे दस्तऐवज उघडपणे तयार होतात. गिटहबवर कोणीही त्रुटी नोंदवू शकतो. त्यासाठी ना पदवी विचारतात, ना आडनाव. दार उघडे आहे, जात नाही ते आपण.

तेव्हा जे तरुण संघटनांची संकेतस्थळे चालवतात, त्यांनी आजच तीन गोष्टी कराव्यात. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा. ‘ब्रेक-ऑल’ काढा आणि लांब शब्दांत योग्य जागी ‘सॉफ्ट हायफन’ घाला. तो गरज पडली तरच दिसतो. आणि पान स्वतःच्या चांगल्या फोनवर नव्हे, वस्तीतल्या सर्वांत जुन्या फोनवर तपासा. तिथे शब्द तुटला, तर त्याचे छायाचित्र काढून त्रुटी नोंदवा.

मावशींना मी सांगितले, “तुमचं वाचन बरोबर आहे, लिहिणाऱ्याने शब्द मोडलाय.” त्या म्हणाल्या, “मग त्याला सांग की!”

तेच सांगायचे आहे. आपण सगळ्यांनी.

जय भीम!