शुक्रवारचे कान

आमच्या गिरगावच्या मामाला रॉक संगीताचा नाद आहे असे सांगितले की माझे प्राध्यापक मित्र आधी हसतात आणि मग मामाचे वय विचारतात. मामाने सत्तरी केव्हाच ओलांडली. फोर्टमधल्या एका बँकेत त्याने छत्तीस वर्षे नोकरी केली, चतुर्थीचे उपास केले, चाळीच्या गणपतीपुढे झांजा वाजवल्या, आणि रात्रीची जेवणे आटोपली की बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मित्राने आणून दिलेली डेव्हिड बोवीची तबकडी लावली. चाळकऱ्यांना ती एखाद्या कुळाचारासारखी अंगवळणी पडली होती. मी मराठीचा मास्तर. इंग्रजी गाण्यातले मला जे काही कळते ते मामाच्या खोलीत, चटईवर पडल्या पडल्या कळलेले आहे.

तेव्हा वाचकहो, यंदाच्या दिवाळीत या सदरात नेहमीप्रमाणे पुस्तकांविषयी न लिहिता एका ध्वनिमुद्रिकेविषयी, किंबहुना ती ऐकणाऱ्यांविषयी लिहावे म्हणतो. ऐकणाऱ्यांत मीही आलोच, आणि माझे वागणे काही फारसे शोभादायक नव्हते.

बोवीची 'रिॲलिटी' २००३ साली निघाली. पुढच्या वर्षी जर्मनीत दौऱ्यावर असताना त्याच्या हृदयाने दगा दिला. हॅम्बुर्गच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, दौरा अर्धवट सुटला, आणि त्यानंतर हा गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये जवळजवळ मुका झाला. वर्षामागून वर्षे गेली. तो आजारी आहे, त्याने गाणे सोडले, अशा आवया उठत. मामा वाट पाहत होता असे म्हणणे बरोबर होणार नाही. आपण वाट पाहत नाही, असे तो दाखवत होता.

मग ८ जानेवारी २०१३ रोजी, बोवीच्या सहासष्टाव्या वाढदिवशी, काहीही वाजतगाजत न होता एक नवे गाणे जगापुढे आले. सत्तरच्या दशकात ज्या बर्लिनमध्ये तो राहिला, त्या बर्लिनच्या आठवणींचे ते गाणे. मार्चमध्ये 'द नेक्स्ट डे' ही अख्खी ध्वनिमुद्रिका येणार असल्याचेही त्याच दिवशी कळले. तिचे काम दोन वर्षे न्यूयॉर्कमध्ये चालले होते. वादकांकडून गुप्ततेच्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या, आणि खरोखरच कुणी बोलले नव्हते! आमच्याकडे सहामाहीची प्रश्नपत्रिकासुद्धा इतकी गुप्त राहत नाही.

लोकांनी मनसोक्त कौतुक केले. लंडनच्या एका दैनिकाच्या समीक्षकाने तर रॉकच्या इतिहासातल्या सर्वांत थोर पुनरागमनांत तिची गणना केली. वीस वर्षांनी बोवी विलायतेतल्या खपाच्या यादीत पुन्हा पहिला आला. कुणाला आवाज थकलेला वाटला, कुणाला १९७२ सालचा तांबड्या केसांचा पोरगा हवा होता. आमच्या मामाची तक्रार मात्र या सगळ्यांहून वेगळी होती. 'द नेक्स्ट डे'च्या वेष्टनावर १९७७ सालच्या 'हीरोज'चेच जुने चित्र होते, फक्त बोवीच्या तोंडावर एक पांढराशुभ्र चौकोन डकवलेला. ती 'हीरोज' मामाच्या कपाटात होती. पंचविशीत मिळालेली, कोपरे झिजलेली, पाठीमागे मामाची सही आणि तारीख असलेली.

"हे म्हणजे वडिलांच्या फोटोला चुना फासण्यासारखं झालं," मामा म्हणाला. चांगले आठ दिवस तो धुमसत होता. नवव्या दिवशी त्याने कपाटातली तबकडी काढून नव्या चित्राशेजारी ठेवली, बराच वेळ पाहिली, आणि काहीशा नाराजीनेच म्हणाला, "त्याचाच चेहरा आहे म्हणा. त्याने झाकला. आपल्याला राग येतो, कारण आपण आपला समजून बसलो होतो."

हे वाक्य मी पुढे दोन व्याख्यानांत माझे म्हणून वापरले. पण ती माझी लहान चूक. मोठी तीन वर्षांनी घडली.

शुक्रवार, ८ जानेवारी २०१६. बोवीला सत्तरावे लागले आणि 'ब्लॅकस्टार' निघाली. उणीपुरी एक्केचाळीस मिनिटे, सात गाणी. पहिलेच गाणे दहा मिनिटांच्या घरातले. या खेपेस त्याने रॉकवाल्यांना बाजूला ठेवून डॉनी मॅकॅस्लिन या सॅक्सोफोनवाल्याच्या जॅझच्या ताफ्याला हाताशी धरले होते. मी शनिवारी एस.टी. पकडून गिरगावात गेलो, आणि रात्री आम्ही दोघांनी ती ऐकली. तिसऱ्या गाण्याचे, 'लॅझरस'चे, चित्रणही फोनवर पाहिले. खाटेवर पडलेला बोवी, डोळ्यांवर पट्टी, पट्टीवर डोळ्यांच्या जागी दोन गुंड्या. शेवटी तो मागे मागे सरत एका कपाटात शिरतो.

"काय वाटलं?" मामाने विचारले.

मर्ढेकरांची दुर्बोधता वर्गात तासभर समजावून सांगणारा मी. मी म्हणालो, "सांगण्यासारखं काही उरलं नाही की माणूस गूढ होतो, मामा. आणि हे आजारपणाचं सोंग या वयात शोभत नाही."

मामा म्हणाला, "मला ते डोळ्याचं काही कळत नाही. पण वाजवणारी पोरं काय तयारीची आहेत! ह्या म्हातार्‍याला ती पोरं सापडली कुठे?" आणि त्याने पहिले गाणे पुन्हा लावले.

सोमवारी दुपारी प्राध्यापकांच्या खोलीत डबा उघडून बसलो होतो. लंडनला असलेल्या मामेबहिणीचा निरोप आला. रविवारी बोवी वारला. कर्करोगाने, आणि हा आजार अठरा महिन्यांचा होता. घरची माणसे आणि थोडे सहकारी सोडले तर कुणाला पत्ता नव्हता. माझ्या हातातला घास तसाच राहिला, हे लिहायला सोपे आहे. खरे सांगायचे तर मी डबा संपवला, आणि संपवताना 'सोंग' हा एकच शब्द डोक्यात फिरत राहिला. संध्याकाळी मामाला फोन केला.

"मामा, शनिवारी मी जे बोललो..."

"ते राहू दे. जेवलास का?"

त्या संध्याकाळी मामेबहीण ब्रिक्स्टनमध्ये होती. बोवीचा जन्म तिथला. तिथे स्टेशनसमोर भिंतीवर त्याचे मोठे चित्र आहे. चित्रापाशी फुलांचा ढीग आणि जवळच्या रिट्झी सिनेमासमोर हजारो माणसे, जुनी गाणी एका सुरात म्हणणारी. तिला बोवीचे फारसे वेड नाही. वडिलांच्या वतीने गेले, म्हणाली.

त्यानंतरच्या आठवड्यात श्रोत्यांनी 'ब्लॅकस्टार' पुन्हा ऐकली, आणि शुक्रवारी जिथे नवे वळण दिसले होते तिथे आता ओळीओळीत निरोप ऐकू येऊ लागला. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी यानेही ही त्याने जाताना दिलेली भेट असल्याचे सांगितले. मग प्रत्येक जण म्हणू लागला, मला तेव्हाच चाहूल लागली होती. आणि वाचकहो, मीही म्हणालो! सहकाऱ्यांत म्हणालो, विद्यार्थ्यांसमोर म्हणालो, आणि उन्हाळ्यात एका लग्नाच्या पंगतीत, मामा शेजारी बसला आहे हे विसरून, "शनिवारीच काहीतरी जाणवलं होतं," असे म्हणून गेलो.

मामा जिलबी खात होता. हात धुताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू सोंग म्हणालास. तुझ्या कानांना तेच ऐकू आलं. ते कशाला खोडतोस? तू चुकलास, पण जिवंत माणसाबद्दल चुकलास. आता कुणाला चुकायची सोयच राहिलेली नाही."

मला उत्तर सुचले नाही. आम्ही मास्तर मंडळी तर यातच मुरलेली. बालकवी १९१८ साली भादलीजवळ आगगाडीखाली गेले, आणि तेव्हापासून त्यांच्या उदास कवितांत आम्ही रुळांचा खडखडाट ऐकवत आलो आहोत. पोरे वहीत उतरवून घेतात. लिहिणारा सत्तावीस वर्षांचा होता आणि उद्याच्या कवितेचा विचार करत होता, हे सांगायचे राहून जाते.

आणि गंमत पाहा, त्याच व्हिस्कॉन्टीने हेही सांगितले की मरणाच्या आठवडाभर आधी बोवीने संपर्क साधून आणखी एक ध्वनिमुद्रिका करायची इच्छा बोलून दाखवली होती. काही गाण्यांचे कच्चे मुद्रणही झाले होते. म्हणजे मृत्युपत्र लिहून हात झटकलेला माणूस तो नव्हे. मामाचा सॅक्सोफोनवरचा आनंदच बोवीच्या मनाच्या अधिक जवळचा होता, असे मला आता वाटते. २०१७ साली 'ब्लॅकस्टार'ला पाच ग्रॅमी मिळाल्या, तेव्हा मामाने त्या वाजवणाऱ्या पोरांचे काय झाले एवढेच विचारले.

ती मोठी तबकडी मामेबहिणीने पुढच्या खेपेस लंडनहून आणली. वेष्टनावर बोवीचा चेहरा नाही. नुसता काळा तारा, कापून काढलेला. निघाल्यावर काही महिन्यांनी कुणा श्रोत्याच्या ध्यानात आले की आतला काळा भाग उन्हात धरला तर त्यावर आकाशातल्या चांदण्या उमटतात. करणाऱ्यांनी गाजावाजा केला नव्हता.

चाळीच्या त्या गॅलरीत ऊन येते साडेतीनला, तेही कठड्यापुरते. मामा वेष्टन दोन्ही हातांत धरून उभा राहिला. मोतीबिंदूची एक शस्त्रक्रिया झालेली, दुसरी व्हायची होती.

"दिसतंय का रे?"

"थांब मामा, जरा कठड्याकडे धर. ऊन सरकतंय."

त्याने हात आणखी लांब केले.