पडद्यामागचा कान

ऑस्कर सोहळ्याची चर्चा आपल्याकडे नट-नट्यांच्या पोशाखांपासून सुरू होते आणि तिथेच संपते. आवाजाचे पारितोषिक जाहीर होते तेव्हा लोक चहा टाकायला उठतात. म्हणूनच विली बर्टन हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही.

बर्टन मूळचे अलाबामाचे. बसमध्ये काळ्या माणसाने कुठे बसायचे हे जिथे कायदा ठरवत होता, त्या अलाबामाचे. हॉलिवूडमध्ये तसा कायदा नव्हता, पण त्याची गरजही नव्हती. सेटवर काम हवे तर संघटनेचे सभासदत्व हवे, सभासदत्वासाठी अनुभव हवा, आणि अनुभव मिळणार तो सभासदालाच! ही कडी आतून उघडायची ती मुलासाठी, पुतण्यासाठी, जावयासाठी. मग गुणवत्ता तपासण्याची वेळ येणार तरी कधी? १९६९ साली तिथल्या समान रोजगार आयोगाने सुनावणी घेतली, न्याय खात्याने खटल्याचा इशारा दिला, तेव्हा कुठे १९७० साली स्टुडिओ आणि संघटना कृष्णवर्णीयांना व इतर अल्पसंख्याकांना कामावर घेण्याच्या कराराला तयार झाल्या. दार आपोआप उघडले नाही, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो.

ध्वनितंत्रज्ञांच्या 'लोकल ६९५' या संघटनेत शिरणारे बर्टन हे पहिले कृष्णवर्णीय. त्यांचे काम प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या जागेवर संवाद टिपण्याचे. विमान गेले, जनरेटर घुरघुरला, नटाने ऐन वेळी आवाज खाली घेतला, तरी शब्द स्वच्छ यायला हवा. 'द बडी हॉली स्टोरी'मध्ये (१९७८) नटांनी गाणी कॅमेऱ्यापुढे खरोखर गाऊन-वाजवून दाखवली. तिथे चुकीला जागा नव्हती. त्या चित्रपटासाठी बर्टन यांना सहकाऱ्यांसह ऑस्कर नामांकन मिळाले. पुढे चार्ली पार्कर या कृष्णवर्णीय जाझ वादकावरच्या 'बर्ड'साठी (१९८८) प्रत्यक्ष ऑस्कर मिळाले. लगेच पुढच्याच वर्षी रसेल विल्यम्स या दुसऱ्या कृष्णवर्णीय ध्वनिमुद्रकाने 'ग्लोरी'साठी ऑस्कर घेतले. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या काळ्या पलटणीचा तो चित्रपट. त्याच्या पुढच्या वर्षी विल्यम्स यांना 'डान्सेस विथ वुल्व्ज'साठी पुन्हा ऑस्कर! बर्टन यांचे दुसरे ऑस्कर 'ड्रीमगर्ल्स'चे (२००६).

आपल्यातला नायक पडद्यावर दिसला की आम्ही लेख लिहितो, लिहायलाच हवेत. पण ध्वनियंत्रापुढे कोण बसले आहे, संकलनाच्या टेबलावर कोण आहे, ती विद्या आपल्या मुलांना कुठे शिकायला मिळते, फी किती, हे विचारतो का? चेहरा एका चित्रपटापुरता घेतला जातो. यंत्र हाती असलेला माणूस मात्र पुढच्या दहा चित्रपटांत राहतो आणि आपल्या हाताखाली कुणाला घ्यायचे तेही ठरवतो.

बर्टन तर पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ राहिले. 'ओपनहायमर'साठी (२०२३) त्यांना पुन्हा नामांकन होते. त्या चित्रपटाचा आयमॅक्स कॅमेरा चालताना मोठा खडखडाट करतो, आणि दिग्दर्शक नोलन यांना स्टुडिओत मागाहून केलेले डबिंग शक्यतो नको असते. अशा कॅमेऱ्याशेजारी नटाची कुजबुज टिपायची कामगिरी त्यांनी बर्टन यांच्यावर सोपवली होती.