हगवणीची कुळी
गोठ्यातून : गोठेकर

‘जार पडल्याबिगर चीक पाजत नाय आमच्यात,’ आजींनी मला ठणकावलं. कालवड सहा दिवसांची. डोळे खोल गेलेले, शेपूट पिवळ्या पाण्यानं लिडबिडलेलं. जार पडायला आठ-दहा तास गेले, तोवर पिलू आईपासून लांब बांधलेलं. पुढं चीक निघाला तो बराचसा खरवसात गेला आणि शेजारच्या तीन घरांत पोचला. खरवस मलाही आवडतो, त्यामुळे फार बोलता आलं नाही.

पोटात असताना वासराला गाईच्या रक्तातून प्रतिपिंडं मिळत नाहीत. ती मिळतात चिकातून, आणि आतड्याचं ते दार पहिल्या दिवसातच मिटतं. पहिल्या दोन-चार तासांतला चीक म्हणून मोलाचा. पुढचे काही दिवस पाजलेला चीकही वाया जात नाही. त्यातली प्रतिपिंडं आतड्यातच विषाणूला अडवतात.

त्या विषाणूंतला एक नेहमीचा म्हणजे रोटा. १९६९ साली अमेरिकेत नेब्रास्कात चार्ल्स मीबस यांना तो हगवण लागलेल्या वासरांत सापडला. माणसाच्या बाळांत तो रूथ बिशप आणि सहकाऱ्यांना मेलबर्नमध्ये दिसला १९७३ साली. म्हणजे या रोगाची आपली ओळख गोठ्यातून झाली, दवाखान्यातून नव्हे. विषाणू आतड्याच्या आतल्या बारीक लवीवरच्या पेशी मारतो. मग दूध पचत नाही, पाणी शोषलं जात नाही, आणि वासरू मरतं ते बहुधा अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यानं. प्रतिजैविकाचं ‘जालीम इंजेक्शन’ या विषाणूला काही करत नाही, तरी गोठ्यात पहिली मागणी त्याचीच असते.

रोटाचा जनुकसंच ११ सुट्या तुकड्यांचा. बाहेरच्या दोन प्रथिनांवरून त्याची कुळी सांगतात : एकावरून जी, दुसऱ्यावरून पी. गुरांत मुख्यतः जी-६, जी-८, जी-१० आणि पी-१, पी-५, पी-११ आढळतात. आपल्याकडच्या वासरांत जी-१० आणि पी-११ ही जोडी वारंवार सापडली आहे. एकाच पेशीत दोन वेगळे रोटा शिरले की तुकड्यांची अदलाबदल होते आणि तिसराच बाहेर पडतो. गाय, म्हैस आणि रांगतं पोर एकाच अंगणात असलेल्या देशात हे प्रकरण पुस्तकी राहत नाही.

याचा पुरावा आपल्या बाळांच्या लशीतच आहे. १९८० च्या दशकात दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये नवजात बाळांत एक रोटा सापडला. त्याची लागण झाली, पण हगवण लागली नाही. ११६-ई हे त्याचं नाव, कुळी जी-९, पी-११. त्याचं पी ठरवणारं जनुक गुरांच्या रोटाकडून आलेलं. त्याच्यापासूनच ‘रोटावॅक’ ही लस तयार झाली आणि २०१६ साली ती सरकारी लसीकरणात आली. बंगळूरच्या नवजात बाळांत मिळालेला दुसरा एक रोटा तर बहुतांश गुरांचाच निघाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘रोटासिल’ही गाईच्या रोटाच्या पायावर माणसाच्या रोटाची जनुकं बसवून केलेली आहे. गोठ्याचे इतके उपकार असताना गोठ्याकडे लक्ष किती?

बाळांत कोणती कुळी फिरते, यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या जाळ्यातून २००५ पासून नजर ठेवली गेली. वासरांचे नमुने मात्र बहुतेक एखाद्या प्रबंधापुरते गोळा होतात आणि प्रबंध संपला की नोंद थांबते. मला हे आळसापेक्षा हिशेबाचं वाटतं : नर वासरू मेलं तर कोणी तक्रार करत नाही, कालवड मेली तर मालक नशिबाला दोष देतो. परदेशात गाभण गाईला लस टोचून चिकातली प्रतिपिंडं वाढवतात. त्यातल्या काही लशींत नुसता जी-६ असतो, काहींत जी-१० पण. आपण उद्या यातली एखादी आणली, तर कोणती आणायची हे ठरवायला जिल्ह्याजिल्ह्यातली शेणं तपासलेली हवीत. माणसांचे डॉक्टर आणि आम्ही गुरांचे डॉक्टर एकाच तक्त्यात बघायला लागलो, तर बाळाच्या लशीपुढं कोणता नवा रोटा येऊ घातलाय तेही आधी कळेल.

आजींच्या कालवडीला क्षार-पाणी पाजलं, दूध बंद करू दिलं नाही, एकदा सलाईन लावली. चौथ्या दिवशी ती उठून आईला ढुसण्या द्यायला लागली. शेण मी घेतलं नाही. घेऊन रोजच्या कामात पाठवायचं कुठं, हे मलाच ठाऊक नव्हतं. माझ्या वहीत तिच्यापुढं लिहिलंय : ‘हगवण, विषाणूजन्य?’ त्या पानावर अशी प्रश्नचिन्हं आणखी सात आहेत.