चाळीस रुपये रोजाचं पुनर्वसन

सकाळी सातला एकदा ठिय्यावर उभं राहून बघा. ठेकेदार येतो, दंड बघतो, वय बघतो, भाव पाडतो. आमच्या वस्तीजवळच्या ठिय्यावर एक माणूस रोज येतो आणि रोज उरतो. पन्नाशीचा. रात्री दुकानाच्या पायरीवर झोपतो. अंगात काम आहे, पण बगलेत गाठोडं आहे. गाठोडंवाल्याला कोण नेतो? मी विचारलं तर म्हणाला, "भाऊ, काम त मी करतो, पण हे कुठी ठेवू? मागच्या खेपेले ठेवलं त कागदं गेले, चादर गेली."

त्याचा बाप एम्प्रेस मिलमध्ये होता. १८७७ साली सुरू झालेली मिल, २००२ साली बंद. आपल्या कित्येक घरांची चूल तिच्या भोंग्यावर पेटायची. तिथं आता मॉल आहे, आणि या पोराला त्याच्या दारात बसूही देत नाहीत.

सरकारच्या लेखी हा कोण? भिकारी. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा काढून वाचा. हात पसरलाच पाहिजे असं नाही. जगण्याचं साधन दिसत नाही आणि माणूस चव्हाट्यावर भटकतो, एवढं पुरे. पहिल्यांदा एक ते तीन वर्षं डांबायची सोय, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्याची नांगी मोडली, पण दिल्लीपुरती. आणि आपल्या नागपुरात? मार्च २०२३ मध्ये जी-२० ची पाहुणेमंडळी यायची, म्हणून भिंती रंगवल्या आणि पोलिसांनी १४४ कलम लावून भीक मागायला बंदी केली.

बरं, डांबल्यावर आत काम देतात. मोबदला किती? वर्षानुवर्षं पाच रुपये. रोजाला नाही, महिन्याला! एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळ उदार झालं आणि रोजचे चाळीस केले. हिशेबाने दोनशे चाळीस पट वाढ. वाजवा टाळ्या. १९८२ साली एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की किमान वेतनाखाली राबवणं म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमातली वेठबिगारीच. आपल्या बापजाद्यांनी महारकी केली. तिचा वास आपल्याला तरी लांबून यायला पाहिजे.

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. पण ती खेड्याची. गावच्या जातीला लाथ मारून शहरात आलेल्याने काय करायचं? केरळने २०१० साली शहरातल्या घरांसाठी वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची योजना आणली आणि तिला नाव दिलं अय्यंकाळींचं, १८९३ साली सवर्णांच्या रस्त्यावरून बैलगाडी हाकणाऱ्या अय्यंकाळींचं. आपल्याकडे बाबासाहेबांच्या नावाने विमानतळ आहे. ठिय्यावरच्या माणसाला त्याचा काय उपयोग!

नुसतं काम देऊनही भागत नाही. महापालिकेच्या रात्रनिवाऱ्याच्या दारातच कामाची नोंद करा, पत्ता विचारू नका. गाठोड्याला कुलपाची जागा द्या, आंघोळीला पाणी द्या. मजुरी संध्याकाळी हातात. आणि पहिले दोन-तीन महिने मालकाशी बोलायला, दवाखान्यात न्यायला, कागदं काढायला सोबत एक माणूस पाहिजे. एक खाडा झाला की हाकलायचं नाही. दारू पितो म्हणता? ठेकेदार काय ताक पितो? टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००६ साली सुरू केलेल्या 'कोशिश'ने भिक्षेकरीगृहातल्या माणसांना काम मिळवून द्यायचा हा खटाटोप करून दाखवला आहे. तेव्हा जमत नाही हे कोणी सांगू नये.

आपलंही सांगतो, राग आला तर येऊ द्या. १४ एप्रिलच्या डीजेला वर्गणी निघते, मग चार लोखंडी कपाटांना का निघत नाही? बुद्धविहार दुपारभर कुलपात असतं. मी हे वस्तीच्या बैठकीत काढलं तर एक जण म्हणाला, "विहाराचं गोदाम करता काय?" बाकीचे चहा पीत राहिले. मीही फार भांडलो नाही.

त्याचं गाठोडं सध्या माझ्या खोलीत आहे. घरमालक कुरकुरतो. पहिल्या आठवड्यात त्याला चार दिवस बिगारी मिळाली. पाचव्या दिवशी ठेकेदाराने आधार कार्ड मागितलं.